साहेब आले नाहीत का?

"साहेब आले नाहीत का?"

काउंटरपलीकडच्या तरुणाने अगदी नम्रपणे विचारलं. गळ्यात टाय, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर शिकवलेलं हसू. मागे काचेची उंच भिंत, थंडगार हवा, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. पुण्याच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं एका परदेशी आलिशान मोटारीचं हे सर्व्हिस सेंटर. माझ्याबरोबर होती माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी गेली तीस वर्षं रात्री-अपरात्री उठून बाळंतपणं करते. गाडी तिच्या नावावर, कर्ज तिच्या नावावर, हप्ते तिच्या खात्यातून. चालवतेही तीच. तिचे यजमान मराठीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि आली पाहिजे असं त्यांना कधी वाटलंही नाही.

"साहेब कशाला हवेत? गाडी माझी आहे," ती म्हणाली.

"नाही मॅडम, तसं नाही. टेक्निकल बोलायचं असतं ना, म्हणून."

मैत्रिणींनो, त्या दिवशीचा हा संवाद मी घरी येऊन वहीत लिहून ठेवला. त्यात कुठेही शिवी नाही, उर्मटपणा नाही. उलट चांगला एसी आहे, कॉफी आहे, दर वाक्याला 'मॅडम' आहे. तरीही आम्ही दोघी बाहेर पडलो त्या अपमान झाल्यासारख्या. हा अपमान नेमका कशाचा, याचा विचार करताना जे सुचलं ते इथे मांडते आहे.

एका आवाजाची गोष्ट

गाडीची तक्रार साधी होती. ताशी साठच्या पुढे वेग गेला की समोरून एक घुमणारा आवाज यायचा. वेग वाढला की तोही वाढायचा. मैत्रिणीने आणखी एक गोष्ट टिपली होती. रस्ता उजवीकडे वळला की आवाज मोठा व्हायचा, डावीकडे वळला की कमी. जिने आयुष्यभर पोटातल्या बाळाचे ठोके कान देऊन ऐकले, तिला आवाजातला फरक कळणार नाही असं समजायचं काही कारण नव्हतं. पहिल्याच खेपेला तिने हे सगळं सांगितलं. जॉब कार्डावर लिहिलं गेलं, 'ग्राहकाच्या मते आवाज येतो.' उजवं-डावं काहीच लिहिलं नाही.

पहिल्या खेपेला उत्तर मिळालं, "नॉर्मल आहे मॅडम, या गाडीचं कॅरेक्टरच तसं आहे." दुसऱ्या खेपेला, "रस्ते खराब आहेत ना, त्याचा आवाज आहे." तिसऱ्या खेपेला टायर झिजलेत म्हणून चारही टायर बदलायला लावले. आमच्यासारखीच्या वर्षभराच्या घरखर्चाएवढं बिल झालं. शिवाय बिलात आणखी तीन-चार कामं होती. आतून इंजिन धुणं, एसीची जंतुनाशक फवारणी, रंगावर कसलंसं लेपन. यांतलं एकही तिने सांगितलं नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, "रेकमेंडेड असतं मॅडम. सरांना आम्ही फोन केला होता." फोन गेला होता प्राध्यापक साहेबांना. कारण गाडी घेताना शोरूममधल्या कुणीतरी दोघांचेही नंबर घेतले आणि पहिला नंबर आपोआप नवऱ्याचा लावला. ते बिचारे सभेत होते. काहीतरी गाडीचं आहे एवढं समजून "हो, हो" म्हणाले.

टायर बदलून गाडी आली, आवाज तसाच. म्हणून चौथ्या खेपेला मी बरोबर गेले आणि वरचा 'साहेब'वाला संवाद झाला. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीने प्रयोग म्हणून नवऱ्याला सोबत नेलं. ते खुर्चीवर नुसते बसले. सल्लागार तरुण पंधरा मिनिटं त्यांच्याशी बोलला. सस्पेन्शन, टॉर्क, अलाइनमेंट. प्रश्न मैत्रीण विचारत होती, उत्तरं त्यांना मिळत होती. शेवटी ते म्हणाले, "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. यांच्याशी बोला." तरुण हसला. त्याला वाटलं, साहेब विनोद करताहेत.

आवाजाचा उलगडा शेवटी झाला तो मागच्या बाजूला, शेडमध्ये. मैत्रीण हट्टाला पेटली की ज्याच्या हातात पान्हा आहे त्याला माझ्याबरोबर गाडीत बसवा, त्याशिवाय मी जाणार नाही. तेलकट डांगरीतला एक वयस्क मेकॅनिक शेजारी बसला. पहिल्याच उजव्या वळणाला तो म्हणाला, "डावं बेअरिंग गेलंय, बाई. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून आवाज वाढतो. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण काउंटर आणि शेड यांच्यामध्ये ते सांगणं कुठेतरी गळून पडलं होतं.

"आपल्या अंकात आलिशान गाडी?"

हा अनुभव मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगितला तेव्हा एक कार्यकर्ती फटकन म्हणाली, "ज्या गाडीच्या किमतीत आपलं केंद्र कितीतरी वर्षं चालेल, तिच्या बेअरिंगवर आपण पानं खर्च करायची?" तिचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. माझ्या मैत्रिणीला तीन महिने त्रास झाला खरा, पण तिची कामं अडली नाहीत. घरात दुसरी गाडी होती. आशा कार्यकर्तीची स्कूटी आठ दिवस गॅरेजात पडली तर तिचे आठ दिवस पायी जातात. शिवणकाम करणारीचं मशीन अडलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. दोघींचं दुःख सारखं नाही आणि मी ते एका तराजूत घालत नाही.

पण त्याच बैठकीत मग एकेक जण बोलू लागली. एकीने स्कूटर दुरुस्तीला टाकली, तर "भावाला पाठवा" असं उत्तर मिळालं. दुसरीच्या शिलाई मशीनची मोटर तपासून झाली तरी मेकॅनिक वाट बघत होता तिच्या नवऱ्याची, 'काय बिघडलंय ते' सांगायला. तिसरीने बचत गटातर्फे पिठाची गिरणी घेतली. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला तो गटाच्या अध्यक्षबाईंना ओलांडून ओट्यावर बसलेल्या त्यांच्या सासऱ्यांशी बोलू लागला. म्हणजे यंत्र बदललं, किंमत बदलली, वाक्य तेच राहिलं. यंत्राबद्दल पुरुषाशी बोलायचं आणि पैसे बाईकडून घ्यायचे.

आलिशान गाडीचं उदाहरण मला एवढ्यासाठीच महत्त्वाचं वाटतं. आपल्याला नेहमी सांगितलं जातं की बाई, तू शिक, कमव, स्वतःच्या पायावर उभी राहा, मग जग तुझं ऐकेल. माझी मैत्रीण शिकली, कमावती झाली, गावात नाव मिळवलं. बाजारात मिळणारी सर्वांत महागडी सेवा तिने रोख पैसे मोजून विकत घेतली. तिला कॉफी मिळाली, सोफा मिळाला, 'मॅडम' मिळालं. विश्वास तेवढा मिळाला नाही. पैशाने मान विकत मिळतो ही समजूत किती पोकळ आहे हे पाहायचं असेल, तर जिथे सगळं पैशाने मिळतं तिथेच जाऊन पाहावं लागतं.

हा केवळ संशय नाही

कुणी म्हणेल, तुम्हां बायकांना सगळीकडे भेदभावच दिसतो. पुरुषांनाही हे लोक फसवतात. फसवतात, यात शंका नाही. पण सारखं फसवत नाहीत.

अमेरिकेत इयान एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकाने शिकागो भागातल्या मोटार विक्रेत्यांकडे माणसं पाठवून पाहिलं होतं. सर्वांना एकाच पद्धतीने घासाघीस करायला शिकवलं होतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखात दिसलं ते असं : गोऱ्या पुरुषाकडून विक्रेता जितका नफा काढू पाही, त्याहून ४० टक्के जास्त गोऱ्या स्त्रीकडून आणि तिपटीहूनही जास्त काळ्या स्त्रीकडून. बाई असणं आणि काळी असणं यांची नुसती बेरीज झाली नव्हती, ओझं त्याहून वाढलं होतं. आपल्याकडे जात आणि वर्ग यांबाबत हेच आपण रोज पाहतो.

दुरुस्तीबद्दलही असाच एक अभ्यास आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली तो मांडला. स्त्रियांना आणि पुरुषांना अमेरिकेतल्या गॅरेजांना फोन करायला लावलं. गाडी एकच, प्रश्न एकच, रेडिएटर बदलायला किती लागतील? फोन करणाऱ्याने "मला काही अंदाज नाही" असं म्हटलं, तर बाईला सांगितलेली किंमत पुरुषापेक्षा जास्त निघाली. पण "साधारण अमुक इतके लागतात ना?" असं म्हणून बाजारभाव आधी सांगितला, तर हा फरक नाहीसा झाला. आणखी एक मौज त्यात दिसली. किंमत कमी करा असं बायकांनी स्पष्ट म्हटलं, तेव्हा पुरुषांपेक्षा त्यांचंच जास्त वेळा ऐकलं गेलं.

या अभ्यासातून दोन गोष्टी शिकाव्यात असं मला वाटतं. एक, बाईला यंत्रातलं कळत नाही ही समजूत गल्ल्यावर पैशांत मोजली जाते. तिची किंमत बिलात लागते. दुसरी, माहिती हातात असली आणि तोंड उघडलं तर ती किंमत कमी होते. आपण विचारतच नाही, कारण विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल अशी भीती असते. आणि तो पुढे उभा असलेला टायवाला तरुण, त्याला तरी कुठे सगळं माहीत असतं?

यंत्र कुणाचं?

मोटार ही पुरुषाची वस्तू, हे आपल्या मनात इतकं रुजलं आहे की तिचा पहिला मोठा प्रवास एका बाईने केला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. जर्मनीत ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानेच बनवलेली मोटार काढून मॅनहाइमहून फोर्झहाइमला आईकडे गेली. शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा बंद वापरला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. शिवाय लग्नाआधीच तिने आपल्या वाट्याचा पैसा कार्लच्या धंद्यात घातला होता. म्हणजे भांडवल तिचं, पहिली लांबची सफर तिची आणि वाटेतली दुरुस्तीही तिची. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं गेली आणि आज कुठल्याही कंपनीच्या काउंटरवर बाईला विचारतात, साहेब आले नाहीत का?

लांब कशाला, आपल्या पुण्याचंच पाहा. १९७४ साली टेल्कोने इंजिनीअरांसाठी जाहिरात दिली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावलं गेलं आणि ती तिथली पहिली स्त्री इंजिनीअर झाली. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून सर्वांना माहीत झाल्या. दार आतून बंद केलेलं होतं हे त्या जाहिरातीने लेखी सांगितलं. बायकांना यंत्रात रस नसतो म्हणून त्या बाहेर राहिल्या, ही नंतर रचलेली गोष्ट आहे.

काउंटरवरची मुलगी

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ती सांगते.

तिसऱ्या खेपेचं ते भलंमोठं बिल हातात ठेवलं एका मुलीने. वय तेवीस-चोवीस. गणवेशाचा कोट, उंच टाचा, सबंध दिवस उभं राहणं. माझ्या मैत्रिणीचा तोल गेला आणि ती तिला नको ते बोलली. मुलीचा चेहरा पडला, पण हसू तसंच राहिलं. ते हसू नोकरीचा भाग होतं. गाडीची किल्ली देताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, उद्या कंपनीकडून फोन येईल. प्लीज पूर्ण मार्क द्या. एकही मार्क कमी झाला तर आमचा इन्सेंटिव्ह जातो."

पुढच्या खेपेला मी तिच्याशी थोडी बोलले. तिला शेडमध्ये जायला मनाई आहे. गाडीत काय केलं ते तिला संगणकावर दिसतं तेवढंच माहीत. बिल किती करायचं ते ती ठरवत नाही, पण बिल देताना पुढे तिलाच उभं करतात, कारण 'लेडीजवर लोक कमी ओरडतात'. आणि आम्ही ओरडलो होतो. आम्ही दोघी, बायकांच्या हक्कांविषयी व्याख्यानं देणाऱ्या.

ही रचना नीट समजून घ्यायला हवी. ज्याच्याशी आपण बोलतो तो सल्लागार मेकॅनिक नसतो. बऱ्याच ठिकाणी त्याला दर गाडीमागे अमुक इतकं बिल व्हावं असं लक्ष्य दिलेलं असतं. म्हणून तुमच्या गाडीला काय झालंय यापेक्षा तुम्हाला आणखी काय विकता येईल याकडे त्याचं लक्ष. जो मेकॅनिक आहे तो मागे, त्याला ग्राहकाशी बोलायची मुभा नाही. आणि जी मुलगी पुढे आहे तिला ना माहिती, ना अधिकार. मालक आणि कंपनी दोघे पडद्याआड. अशा व्यवस्थेत ग्राहक बाई चिडते आणि तिचा राग पोचतो तो दुसऱ्या बाईपर्यंत. वर गुण देण्याची जबाबदारीही ग्राहकावर, म्हणजे त्या मुलीचा पगार कापायचं काम मालकाऐवजी आपण करायचं. ताशेरे मारताना किंवा गुण देताना आपण कुणाच्या पोटावर पाय देतो आहोत याचं भान आपण ठेवायला हवं, निदान या मासिकाच्या वाचकांनी तरी.

मग दुसरीकडे का जात नाही?

"एवढा त्रास आहे तर कोपऱ्यावरच्या गॅरेजात जा," असं प्राध्यापक साहेब म्हणाले. सोपं वाटतं, पण तिथेही गाठ आहे. या गाड्यांचे सुटे भाग आणि बिघाड शोधायची संगणकीय साधनं बाहेरच्या गॅरेजला सहजी मिळत नाहीत. वर धाक असा की बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली.

हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला होता. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू द्या आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं त्यात बजावलं. त्या यादीत सामान्यांच्या गाड्या बनवणारेही होते आणि आलिशान गाड्यांचेही. पुढे कंपन्यांनी अपिलं केली, वाद लांबला. पण एक सत्य सरकारी कागदावर आलं. दुरुस्तीचं दुकान एकच ठेवायचं आणि मग गिऱ्हाइकाने कितीही आरडाओरडा केला तरी त्याला तिथेच यावं लागेल अशी तजवीज करायची. २०२२ साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या आणि शेतीची अवजारंही. ट्रॅक्टर असो की गिरणी, हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा नाही हे यावरूनही ध्यानात यावं.

काय करता येईल?

आमच्या गटात आम्ही मैत्रिणीच्या अनुभवावरून काही गोष्टी ठरवल्या. त्या स्कूटीलाही लागू आहेत आणि शिलाई मशीनलाही.

पहिली गोष्ट, नोंदीत नंबर स्वतःचा. नवऱ्याचा, भावाचा, मुलाचा नंबर पहिला असेल तर तो आजच बदलून घ्या. वस्तू तुमची असेल तर संमतीही तुमचीच घेतली पाहिजे.

दुसरी, तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डावर लिहून घ्या आणि सही करण्याआधी वाचा. 'आवाज येतो' एवढं पुरत नाही. कधी येतो, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूला, ते लिहायला लावा. एक प्रत आपल्याकडे ठेवा.

तिसरी, अंदाजी खर्च लेखी मागा आणि त्यावर लिहा, 'माझ्या लेखी संमतीशिवाय जादा काम करू नये.' न सांगता केलेल्या कामाचं बिल भरायच्या आधी हरकत नोंदवा. भरावंच लागलं तर 'हरकत राखून' असं लिहून भरा.

चौथी, बदललेले जुने भाग परत मागा. ते तुमचे आहेत. शक्य असेल तर मेकॅनिकला बरोबर घेऊन गाडी चालवून दाखवा. आणि जाण्याआधी दुसऱ्या एखाद्या ठिकाणी भाव विचारून जा. वरच्या अभ्यासाने सांगितलेलं औषध हेच.

पाचवी, कायदा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली एक तरतूद बायकांच्या फार उपयोगाची आहे. दुकान किंवा कंपनी कुठेही असो, आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरली आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

मात्र कायद्याचं गुलाबी चित्र रंगवायचं नाही. हैदराबादच्या एका कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेल्या आलिशान मोटारीच्या दोषाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि उत्पादकाने पन्नास लाख रुपये द्यावेत असा निकाल लागला जुलै २०२४ मध्ये. पंधरा वर्षं. पैसेवाल्याला पंधरा वर्षं थांबता येतं. आपल्यातली एकटी बाई थांबू शकणार नाही, म्हणून एकटीने जायचंच नाही.

सहावी गोष्ट म्हणूनच गटाची आहे. एखाद्या रविवारी ओळखीच्या गॅरेजात शिबिर घ्या. चाक बदलणं, तेलाची पातळी पाहणं, बिल वाचणं, एवढं एका दिवसात होतं. आम्ही ते घेतलं तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या एका बाईंनी जॅक लावून चाक उतरवलं आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय? याच्यासाठी मी तीस वर्षं ह्यांची वाट बघितली?"

आणि सातवी, काउंटरवरच्या मुलीसाठी. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि ती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावलेला असला पाहिजे. कॉफी पिता पिता भिंतीवर तो दिसतो का ते पाहा. दिसला नाही तर व्यवस्थापकाला विचारा. ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. नोकरी करणाऱ्या मुलीने विचारला तर तिला घरी पाठवतात.

लाटण्यापासून पान्ह्यापर्यंत

हे सगळं आपल्याला नवं नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणं हातात घेऊन मोर्चे काढले. तेल, साखर, रॉकेल यांचा हिशेब सरकारला विचारला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तीही घराघरांतल्या बायकांच्या गटांवर उभी राहिली. ग्राहकाचा प्रश्न हा बाईचा प्रश्न आहे हे त्या पिढीने दाखवून दिलं. पण तेव्हाही आणि नंतरही आपण स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे ग्राहक राहिलो. डाळीत खडे आहेत का हे आपण विचारतो. इंजिनात काय केलं हे विचारायला अजून कचरतो. ती शीव ओलांडायला हवी.

माझ्या मैत्रिणीच्या गाडीचं बेअरिंग बदललं, आवाज गेला. टायरचे पैसे परत मिळाले नाहीत. तिने लेखी तक्रार दिली आहे, न सांगता केलेल्या कामांची यादी जोडली आहे आणि जिल्हा आयोगाकडे जाण्याची तयारी चालवली आहे. कंपनीकडून गुणांसाठी फोन आला तेव्हा ती म्हणाली, "त्या मुलीला पूर्ण गुण लिहा. तुमच्या पद्धतीला शून्य." पलीकडची मुलगी थांबली आणि म्हणाली, "मॅडम, असा कॉलम नाहीये."

हा कॉलम आपणच उघडायचा आहे. तुमच्या गावातला, तुमच्या यंत्राचा अनुभव आम्हाला लिहून कळवा. स्कूटी, मशीन, गिरणी, पंप, काहीही चालेल. 'साहेब कुठे आहेत' असं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत तेही लिहा. पुढच्या अंकात ती उत्तरं एकत्र छापू.